लाल गव्हाच्या पैशातून आलेलं पुस्तक

नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या कामगारांवरची एक पातळ पुस्तिका मी गावात दोन वर्षं शोधत होते. माझे आबा त्याच मिलमध्ये होते. एका जुन्या वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद सापडली, पण पुस्तिका नाही. ओल लागून तो गठ्ठाच गेला होता.

ती मला शिकागोत मिळाली. इथल्या विद्यापीठाच्या रेगेनस्टाईन ग्रंथालयात, मराठी पुस्तकांच्या रांगेत. आपल्याकडे चिठ्ठी भरून शिपायाची वाट पाहायची सवय. इथे कपाटांमधून स्वतः हिंडता येतं. शेवटच्या पानावर नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्याचा पत्ता दिसला आणि मी तिथेच खाली बसले.

खरं तर आधी ती सूचीत सापडतच नव्हती. ग्रंथपालबाई माझ्यासोबत तासभर बसल्या, तेव्हा गुपित कळलं: इथे मराठी नावं रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक अक्षरातला अ लिहितात, शेवटचासुद्धा. म्हणजे Nagpur नाही, Nagapura. संघाचं Sangha आणि परिषदेचं Parishada, तसंच. परदेशी ग्रंथालयांच्या सूचीत मराठी पुस्तक शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवाच.

पण नागपुरात छापलेली पुस्तिका इथवर आली कशी? याचं उत्तर आपल्या रेशनच्या पिशवीत आहे. 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली अमेरिकेनं भारताला गहू दिला. त्याची किंमत आपण रुपयांत चुकवायचो आणि ते रुपये भारतातच साठत राहायचे. त्यांतल्या थोड्या पैशातून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1962 पासून दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं, मासिकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. पुढे रुपये संपले, तेव्हा ग्रंथालयांनी स्वतःचे डॉलर घातले, पण खरेदी थांबवली नाही. मला याचंच फार मोल वाटतं. कुणी वाचेल की नाही हे ठाऊक नसताना, साठ वर्षं कुणीतरी विदर्भातली पुस्तकं घेत राहिलं, नोंदवत राहिलं.

रात्री आजीला फोन करून हे सांगितलं. “हाव वं, लाल लाल गहू होता तो,” ती म्हणाली. “रेशनच्या रांगेत उभी राहून आणलाय मी.”

मग तिला पुस्तिका वाचून दाखवायला लागले. दुसऱ्याच पानावर अडले: ‘एका कामगाराकडे दोन साचे’. याच विद्यापीठानं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट ठेवला आहे, नागपुरात बसूनही तुम्हाला तो उघडता येतो. त्यात पाहिलं तर साचा म्हणजे ओतकामाचा साचा. आवृत्ती 1857 ची. एम्प्रेस मिल सुरू झाली 1877 मध्ये.

“अवं, साचा म्हणजे माग,” आजी म्हणाली. “तुझे आबा विणाई खात्यात दोन साचे सांभाळायचे. वाच पुढे.”