सकुरा स्क्वेअरमधला गोरा गृहस्थ

डेन्व्हरला लेकीकडे तीन आठवडे राहिलो. डोंगर, धबधबे आणि राष्ट्रीय उद्यानांतली गर्दी यांची वर्णने इतरांनी भरपूर केली आहेत, म्हणून ती सोडून देतो. मला लिहायचे आहे ते एका अर्धपुतळ्याविषयी आणि त्याच्यापायी हट्टाने केलेल्या, जावईबापूंच्या मते निष्कारण अशा, साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासाविषयी.

सकुरा स्क्वेअर हा शहराच्या मध्यवस्तीतला जपानी चौक. तिथे जेवायला गेलो असताना एका गोऱ्या गृहस्थाचा पुतळा दिसला आणि जपान्यांच्या अंगणात हा कोण, असा प्रश्न पडला. हे राल्फ कार, १९३९ ते १९४३ या काळातले कोलोरॅडोचे गव्हर्नर. रोझिटा या खाणगावात १८८७ साली जन्मलेले, वकिली करून वर आलेले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणाचे कट्टर विरोधक असलेले रिपब्लिकन. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून कुंपणातल्या छावण्यांत राहावे लागले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. एप्रिलमध्ये सॉल्ट लेक सिटीत पश्चिमेकडील गव्हर्नरांची बैठक भरली, तेव्हा बाकीच्यांना हे लोक आपल्या राज्यात मोकळे नकोच होते. खटल्यावाचून नागरिकाचे हक्क काढून घेणे राज्यघटनेत बसत नाही, असे सांगणारे कार तिथे एकाकी पडले.

इथवर ऐकून मी भारावलो होतो. मग कळले की अशी एक छावणी खुद्द कोलोरॅडोतही होती, आणि ती पाहिल्याशिवाय मला राहवेना.

अमाचेची छावणी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, ग्रॅनडा गावाजवळ आहे. गावकरी मात्र त्याला ‘ग्रनेडा’ म्हणतात. भाड्याच्या गाडीतली थंड हवा अर्ध्या वाटेत बंद पडली आणि पुढचे दोन तास आम्ही जवळजवळ अबोल्यात काढले. पोहोचलो तेव्हा समोर उन्हाने रापलेले माळरान, नव्याने उभारलेली एक बराक, एक टेहळणी बुरूज आणि रांगांमागून रांगा काँक्रीटची जोती. एके काळी इथे सात हजारांहून अधिक माणसे राहत होती. उघड्या माळावर सावली हवी म्हणून त्यांनी लावलेल्या एल्म झाडांपैकी काही अजून उभी आहेत. त्यांतल्या एकाच्या बुंध्याशी, एका जोत्याच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो आणि खरे सांगायचे तर कारांवर थोडा रागावलो. युद्धकाळात केंद्राने सोपवलेले काम राज्य नाकारणार नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे तारांचे कुंपण त्यांच्याच राज्यात पडले. पण छावणीतल्याच एका तरुणीला त्यांनी आपल्या घरी कामावर ठेवले आणि चिडलेल्या जमावांसमोर या लोकांची बाजू मांडली, हेही तितकेच खरे. मला आदर आणि राग यांचा हिशेब तिथे जुळवता आला नाही.

१९४२ च्याच नोव्हेंबरमध्ये कार सिनेटची निवडणूक हरले. १९५० साली पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि मतदानापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, वारले.

परतताना लॅमार गावी कोमट कॉफी मिळाली. अमाचेला काही पाहण्यासारखे नाही, असे सकाळपासून तीनदा बजावणारे जावईबापू टेबलावर फोन ठेवून कार किती थोड्या मतांनी हरले ते शोधत होते.