सूसाच्या राणीची गाठ

नववीच्या वर्गात इतिहासाचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. डबे खाऊन सगळ्याजणी पेंगुळलेल्या असत. १९८६ सालच्या त्या दुपारी ग्रीक-इराणी युद्धांचा धडा चालू होता. बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर एकच नाव लिहिलं, अटोसा.

इराणी साम्राज्याचा संस्थापक सायरस याची मुलगी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो त्याप्रमाणे आधी भाऊ कंबायसिसची बायको, मग दुसरा भाऊ बर्दिया म्हणवून गादीवर बसलेल्या तोतयाची, आणि इ.स.पू. ५२२ मध्ये दार्युश सम्राट झाल्यावर त्याची. दार्युश सायरसच्या थेट वंशातला नव्हता. त्यामुळे सायरसच्या लेकीशी लग्न त्याच्या गादीला आधार देणारं होतं, हे बाईंनी आम्हाला नीट उलगडून दाखवलं. दार्युशला आधीच्या बायकोपासून मोठे मुलगे होते, तरी गादी मिळाली अटोसाच्या झर्क्सीसला. ‘सारी सत्ता अटोसाच्या हाती होती’, असं हिरोडोटसनं त्याचं कारण दिलं आहे.

मग बाई म्हणाल्या, ‘‘अशा या राणीच्या स्तनावर गाठ आली.’’

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई हसू थांबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हणाल्या. आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. आई फार तर ‘छातीत दुखतंय’ म्हणायची, तेही आजीच्या कानात.

गाठ लहान होती तोवर अटोसानं लाजेपोटी ती लपवली. पुढे ती फुटली, पसरू लागली, तेव्हा कुठे तिनं राजधानी सूसाच्या दरबारातल्या डेमोसिडीसला बोलावलं. हा दक्षिण इटलीतल्या क्रोटोनचा ग्रीक वैद्य, कैदी म्हणून साखळदंडांत आणलेला. घोड्यावरून उतरताना दार्युशचा घोटा निखळला होता. इजिप्तच्या वैद्यांनी पाय पिळून दुखणं वाढवलं, सात रात्री राजाला झोप नव्हती. डेमोसिडीसनं सौम्य उपचारांनी त्याला बरं केलं होतं. राणीला त्यानं आधी शपथ घ्यायला लावली: बरं केलं तर मी मागेन ते द्यायचं, पण लाज वाटावी असं काही मी मागणार नाही. राणी बरी झाली. त्याला हवं होतं घरी परतणं. मग त्याच्या सांगण्यावरून राणीनं रात्री दार्युशकडे ग्रीसच्या मोहिमेचा हट्ट धरला, टेहळणीसाठी पंधरा इराणी सरदार निघाले, वाटाड्या म्हणून डेमोसिडीस गेला आणि क्रोटोनला पोचून तिथंच राहिला.

युद्धाचं मूळ एवढ्यात आहे असं मी मानत नाही. इराणी सत्तेखालच्या आयोनियातल्या ग्रीक शहरांच्या बंडाची कारणं जास्त मोठी होती. पण मी आज शल्यचिकित्सक आहे आणि ती गाठ मला सोडत नाही. ती पूर्ण बरी झाली, त्यानंतर राणी अनेक वर्षं जगली, यावरून मला ते बाळंतपणानंतरचं गळू वाटतं. कर्करोगाच्या इतिहासात मात्र तिचं नाव हटकून येतं. ग्रीक नाटककार एस्किलसनं इ.स.पू. ४७२ मध्ये झर्क्सीसच्या आईला रंगमंचावर आणलं, तेव्हा सलामिसच्या आरमारी लढाईतल्या इराणी पराभवानंतर मुलाची वाट बघणारी एक घाबरलेली आई त्यानं दाखवली. मला त्या आईपेक्षा गाठ झाकून दरबारात बसलेली अटोसा जास्त ओळखीची वाटते, कारण ती मला दर आठवड्याला भेटते. पदराखाली हात धरून येते, सोबतच्या जावेला बाहेर बसवते आणि आधी गुडघेदुखी सांगते. ‘‘कधीपासून आहे?’’ विचारलं की, ‘‘दिवाळीच्या आधीपासून.’’ दाखवायला आलेली असते वैशाखात.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेत मातांची तपासणी ठेवली होती. त्याच नववीच्या वर्गात पडदे लावून मी बसले होते. तपासण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून मी अटोसाची गोष्ट सांगितली, बाईंचा शब्द न बदलता. कोणी हसलं नाही. एका आजींनी विचारलं, ‘‘एवढी राणी, तर दासी असतील की पन्नास. एकीलाही नाही सांगितलं?’’ मी नाही म्हटलं. त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, मग उठून पडद्याच्या आत आल्या.