पान बघ, मग फूल बघ: स्कायलाइन ड्राइव्हवरचे रानअॅस्टर

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कात गर्दी उसळते ती ऑक्टोबरच्या मध्यावर, झाडं लाल-पिवळी झाली की. आम्ही गेलो सप्टेंबरअखेरीस, कारण सासूबाईंचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. डोंगर हिरवेगार. आई काही बोलल्या नाहीत, पण ‘एवढं पेट्रोल जाळून हे?’ हे चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

फ्रंट रॉयलच्या गेटातून आत शिरलं की स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता सुरू होतो. ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यावरून 105 मैल, आणि वेगमर्यादा ताशी 35 मैल. नवऱ्याला ही शिक्षा वाटते. मला बरं वाटतं, कारण रस्त्याकडेचं गवत नीट दिसतं. त्या दिवसांत तिथे पिवळा गोल्डनरॉड माजलेला असतो. आई काचेला नाक लावून म्हणाल्या, “अगं, ही तर आपली सोनकी!” सोनकी नव्हे, पण कूळ तेच, सूर्यफुलाचं. साताऱ्याच्या माणसाला कास आठवणारच. त्या पिवळ्यात मधेमधे फिकट जांभळे ठिपके होते. “तो अॅस्टर,” मी म्हटलं.

आईंना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या माहेरी दसऱ्याच्या बाजारासाठी अॅस्टर लावायचे. भरगच्च, मुठीएवढं फूल. हारात ओवतो तो चायना अॅस्टर, म्हणजे कॅलिस्टेफस, मूळचा चीन-कोरियाकडचा. इथले अॅस्टर रानात आपसूक उगवणारे, अंगाने किरकोळ आणि प्रकार पुष्कळ. तेही बराच काळ ‘अॅस्टर’ याच प्रजातीत (जीनसमध्ये) होते. 1990 च्या दशकात गाय नेसम या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांची फेरमांडणी केली आणि अमेरिकेतले बहुतेक सिम्फिओट्रायकम, युरिबिया अशा वेगळ्या प्रजातींत गेले. ही नावं जिभेला त्रास देतात, त्यामुळे लोक अजून अॅस्टरच म्हणतात. मीही.

डार्क हॉलो फॉल्स या धबधब्याची वाट पन्नासाव्या मैलाच्या जरा पुढे आहे. जाऊन-येऊन दीड मैलाच्या आतच, पण येताना चढ दम काढतो. आई अर्ध्यावरच एका दगडावर बसल्या, आणि खरी मजा तिथेच झाली. वाटेच्या दोन्ही बाजूंना, दाट सावलीत, पांढऱ्या फुलांचे झुबके. मी फुलाशी वाकले, तर आई म्हणाल्या, “फुलं काय बघतेस? बुडाशी बघ.”

शेतकऱ्याच्या लेकीचं बरोबर होतं. अॅस्टरची फुलं लांबून सगळी सारखीच. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा स्तबक असतो: कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी किरणपुष्पं, मधे बारीक नळीदार फुलांची गर्दी. ओळख पटते ती खालच्या पानांवरून. या झुडपाचं खालचं पान गुळवेलीसारखं हृदयाकृती, पण कड खरबरीत दातेरी आणि देठ लांब. वर जावं तसं पान लहान होत जातं, देठ आखडतो. दांडा गाठीगाठीला नागमोडी वळलेला. किरणं मोजली तर सहा, सात, आठ, तीही विस्कटलेली, एखादा दात पडल्यासारखी. म्हणजे व्हाइट वुड अॅस्टर. काही फुलांचा मधला भाग पिवळा होता, काहींचा तांबूस-जांभळा. फूल जुनं झालं की हा रंग असा बदलतो. माश्या पिवळ्यांवरच घुटमळत होत्या.

“चार देवाला घेऊ का?” आईंनी विचारलं. पार्कात फुलं तोडायला मनाई आहे. त्यांनी हात मागे घेतला, पण मनाविरुद्ध.

मग बिग मेडोज या मोठ्या कुरणाच्या पुढे एका थांब्यावर निळसर जांभळा अॅस्टर भेटला. पान पुन्हा हृदयाकृतीच. इथे दोन उमेदवार: ब्लू वुड अॅस्टर आणि वेव्हीलीफ अॅस्टर. फरक देठात आहे. पहिल्याचा देठ सडपातळ असतो. दुसऱ्याच्या देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पट्टी असते आणि तो बुडाशी पसरून दांड्याला कवटाळतो. मी वाकून पान नुसतं बोटाने उचललं. देठ रुंदावलेला, दांड्याला मिठी मारलेला, पानाची कड लाटेसारखी, पृष्ठभाग खरखरीत. वेव्हीलीफ! नवरा गाडीतून हॉर्न वाजवत होता, पण आई त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. त्या पुढच्या झुडपाचं बूड तपासत होत्या.

न्यू इंग्लंड अॅस्टर मात्र या भानगडीत पडत नाही. त्याचं पान देठाविना थेट दांड्याला बिलगतं, किरणं चाळीसहून जास्त, गडद जांभळी, आणि दांडा केसाळ. तो नर्सऱ्यांत सर्रास मिळतो, ज्यांना बागेत हवा त्यांनी तिथून आणावा.

ज्यांना रानातले बघायचे असतील त्यांनी रंगीत पानांची वाट बघू नये. ऑक्टोबर सरता सरता खालची पानं सुकून गळतात, आणि मग नुसत्या फुलांवरून ओळखायचं म्हणजे डोकेफोड.