बर्फवाला येतसे

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही आठवडे तिचं वाचन बंद झालं. मग रोज संध्याकाळी तिला काहीतरी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या कपाटात अमेरिकन नाटकांचाच भरणा जास्त, तेव्हा इंग्रजी वाचायचं आणि जमेल तसं मराठीत सांगायचं, असं ठरलं. आत्याची एकच अट होती. आधी नाव सांग, तेही मराठीत. नाव पटल्याशिवाय पडदा वर जायचा नाही.

पहिलंच निघालं टेनेसी विल्यम्सचं 1947 सालचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’.

“इच्छा नावाची ट्राम,” मी म्हटलं.

“ट्रामचं असलं नाव असतं का कुठे?”

असतं. न्यू ऑर्लिन्समध्ये डिझायर नावाचा रस्ताच आहे आणि तिकडे जाणाऱ्या ट्रामवर खरोखर तशी पाटी असायची. नाटकातली ब्लांश हातात पेटी घेऊन बहिणीच्या गल्लीत येते आणि आपण कशा आलो ते सांगते. डिझायरच्या ट्राममध्ये बसा, मग दफनभूमीची ट्राम पकडा आणि इलिजियन फील्ड्सला उतरा. हेही तिथल्या रस्त्याचं खरं नाव. ग्रीक पुराणातला पुण्यात्म्यांचा स्वर्ग तो. वासना, स्मशान, स्वर्ग! बाईचं सगळं आयुष्य तीन पाट्यांवर लिहिलेलं, आणि ती बिचारी फक्त पत्ता शोधते आहे.

आता प्रतीक म्हणजे काय ते आत्याला समजावून द्यावं म्हणून मी सरसावून बसलो.

“पुण्यात नाही का आपण रिक्षावाल्याला म्हणत, वैकुंठापाशी सोड म्हणून,” ती म्हणाली. वैकुंठ म्हणजे पुण्यातली स्मशानभूमी. माझं व्याख्यान तिथेच आटोपलं.

आत्या गिरगावात वाढलेली. मुंबईची ट्राम 1964 मध्ये बंद झाली, तोवर ती ट्रामनेच हिंडायची. “पाटी बघायची ती आपली आहे का, एवढंच. अर्थ कोण लावत बसतंय?” विल्यम्सची सगळी करामत याच वाक्यात आहे. ट्राममध्ये बसणारी पाटी वाचते, अर्थ लावायचा तो समोर बसलेल्यांनी. आधीच्या खर्ड्यांवर त्याने ‘द मॉथ’, ‘द पोकर नाइट’ अशी नावं घातली होती. म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग आणि पत्त्यांचा डाव. पतंगावर तर मला प्रतीकाचा शिक्का आधीच मारलेला दिसतो. ट्रामला तसला वास येत नाही. विजय तेंडुलकरांनी हे नाटक मराठीत आणलं ते ‘वासनाचक्र’ या नावाने. नाव भारदस्त आहे, पण त्यात ट्रामचं चाक तेवढं राहिलं, पाटी गेली.

दुसऱ्या आठवड्यात लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ काढलं. 1959 सालचं. शिकागोच्या साउथ साइडमधलं एक कृष्णवर्णीय कुटुंब, खुराड्याएवढी जागा आणि वारलेल्या वडिलांच्या विम्याचे येणारे दहा हजार डॉलर. नाव लँग्स्टन ह्यूजच्या कवितेतलं. लांबणीवर टाकलेल्या स्वप्नाचं काय होतं, ते उन्हातल्या बेदाण्यासारखं सुकून जातं का, असं तो विचारतो. मी मोठ्या झोकात सांगितलं, “उन्हातला बेदाणा.”

“बेदाण्यात वाईट काय आहे?”

मी गप्प.

“अरे, द्राक्ष राहिलं असतं तर नासलं असतं. सुकलं म्हणून तर टिकलं. आणि उन्हात कोण ठेवतं? तासगावला शेडमध्ये, सावलीत सुकवतात.” तिचं सासर सांगलीकडचं, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. तिचंही खरंच होतं. आपल्याकडे बेदाणा म्हटलं की प्रसादाचा शिरा आठवतो, फुकट गेलेला जन्म नाही. ‘सुकलेलं स्वप्न’ म्हणावं तर ते एखाद्या मासिकातल्या कवितेसारखं वाटतं. नाव तसंच सोडून मी पुढे वाचत गेलो. त्या घराच्या स्वयंपाकघराला एकच लहानशी खिडकी आहे. म्हातारी आई तिथे कुंडीतलं एक मरतुकडं रोप जपते, त्याला कधी पुरेसं ऊन मिळत नाही. शेवटी सगळं सामान गेल्यावर ती परत येते आणि ती कुंडी तेवढी उचलून नेते. एकीकडे उन्हाने सुकलेला बेदाणा, दुसरीकडे उन्हाविना खुरटलेलं रोप. हे मी इतक्या वेळा वाचून मला कधी दिसलं नव्हतं.

“मग कुंडीचंच नाव द्यायचं की,” आत्या म्हणाली.

एडवर्ड ऑल्बीने एका बारच्या आरशावर साबणाने खरडलेलं वाक्य उचललं आणि ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ हे नाव दिलं. ‘हूज अफ्रेड ऑफ द बिग बॅड वुल्फ’ या लहान मुलांच्या गाण्यातला लांडगा आणि लेखिका वुल्फ एकाच उच्चारात बसवायचं मला काही जमेना. ते पुस्तक मी गुपचूप कपाटात ढकललं.

एकदाच पूर्ण गुण मिळाले, ते युजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’ला. दारूच्या गुत्त्यात पडून असलेली माणसं हिकी नावाच्या फिरत्या विक्रेत्याची वाट बघत असतात. घरी बायको बर्फवाल्याबरोबर असते, हा त्याचा ठेवणीतला चावट विनोद. पण हा बर्फवाला पुढे मृत्यूच निघतो. त्यात ते ‘कमेथ’ जुन्या बायबलच्या इंग्रजीतलं. गाडीवरून लाद्या टाकणारा माणूस आणि त्याच्यामागे धर्मग्रंथातलं क्रियापद! मी जरा विचार करून म्हटलं, “बर्फवाला येतसे.”

आत्या डोळ्यावरची पट्टी सांभाळत किती तरी वेळ हसत होती.

शेवटी आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ राहिलं होतं. “सेल्समनचा मृत्यू,” मी म्हटलं. भाषांतराचा काही त्रासच नाही.

“शेवट नावातच सांगून टाकला. मग ऐकायचं काय?”

मिलरने आधी योजलेलं नाव होतं ‘त्याच्या डोक्याच्या आत’. तेही तिला सांगितलं. तिने मान हलवली. “ते डॉक्टरच्या पुस्तकाचं वाटतं. हेच राहू दे. वाच.”

दुसऱ्या अंकात विली लोमन नोकरी वाचवायला तरुण मालकापुढे उभा आहे आणि आपण या धंद्यात का आलो ते सांगतो. डेव्ह सिंगलमन नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा एक विक्रेता होता. हॉटेलच्या खोलीत हिरव्या मखमली सपाता घालून बसायचा आणि नुसत्या फोनवर माल विकायचा. त्याच सपाता पायात असताना बॉस्टनला जाणाऱ्या गाडीत तो गेला. सेल्समनला शोभेल असं मरण आलं त्याला, असं विली म्हणतो. नाटकाचं नाव नाटकात येतं ते इथे, दुसऱ्याच कुणाच्या तरी मरणासाठी.

आत्या काही बोलली नाही. शेवटचा प्रवेश वाचून झाल्यावर तिने विचारलं, “विलीच्या मातीला किती माणसं होती रे?”

मी पान मागे उलटलं. बायको, दोन मुलगे, शेजारचा चार्ली आणि त्याचा मुलगा. “पाच.”

“आणि त्या सपातावाल्याच्या?”

“शेकडो.”