सिलिकॉन जागचं हललंच नाही

शनिवार, रात्री साडेदहा. दांडिया बाजार, बडोदे.

परवा भाचीला छातीठोकपणे सांगून बसले, की एका प्रक्रियेत सिलिकॉन एका कार्बनवरून समोरच्या कार्बनवर उडी मारतं. एम.एस्सी.ची परीक्षा तोंडावर, मावशीने जन्मभर केमिस्ट्री शिकवलेली. पोरीने वहीत उतरवूनही घेतलं.

भानगड अशी. चार कार्बनचं कडं. त्यातला एक कार्बन म्हणजे कार्बीन, बाहेरच्या कवचात आठांऐवजी सहाच इलेक्ट्रॉनांवर ताटकळलेला. त्याच्या समोरच्या कार्बनवर ट्रायमिथाइलसिलिल गट, म्हणजे तीन मिथाइल घेऊन बसलेलं सिलिकॉन. सिलिकॉन नसतं तर कडं तीन कार्बनांवर आकसून मुख्यतः मेथिलीनसायक्लोप्रोपेन मिळतं. इथे मिळतं बायसायक्लोब्युटेन: समोरासमोरचे दोन कार्बन थेट जोडले जातात. मी म्हटलं, सिलिल गट पलीकडे गेला, झालं.

आज दुपारी अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या झेवियर क्रिअरींचा पेपर नीट वाचला आणि कान पकडले. सिलिल सरको की हायड्रोजन, पदार्थ तोच मिळतो! रेणूची रचना दाखवणारा एनएमआर आलेख कितीही न्याहाळा, काही कळायचं नाही. अणूंवर खूण करून ठेवली तेव्हा चोर सापडला. हायड्रोजन.

भाचीला पटेना. "पण मावशी, बंध तर सिलिकॉनचा लांब. १.८७ अँगस्ट्रॉम. कार्बन-कार्बनचा १.५४. मग आधी तोच सुटणार ना?"

प्रश्न चोख होता. सेव-उसळीसाठी वाटाणे भिजलेलेच होते. चार वाटाणे, चार टूथपिक, कडं तयार. सिलिकॉनला द्राक्ष लावलं. कडं सपाट ठेवू नकोस, मधून जरा दुमड, म्हटलं. दुमडल्यावर द्राक्ष बाहेरच्या अंगाला गेलं आणि त्याच्या काडीची सरळ रेघ मागे वाढवली तर कड्याच्या पोटातून थेट कार्बीनकडे. विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढायची ताकद, कार्बनची २.५५, सिलिकॉनची १.९०, त्या बंधातले इलेक्ट्रॉन कार्बनकडे झुकलेले, आणि त्यांची मागची पाकळी कार्बीनच्या रिकाम्या कक्षकाला, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जागेला, आधार देते. गणितानेही हीच ठेवण जास्त स्थिर ठरते. पण या ठेवणीत सिलिल गट पाठमोरा, कार्बीनपर्यंत पोहोचणार कसा? त्याच कार्बनवरचा हायड्रोजन मात्र आतल्या बाजूला वळलेला. तोच जातो.

लग्न जुळवून स्वतः मांडवाबाहेर थांबणारी आमची थोरली काकू आठवली. भाचीला तुलना मुळीच आवडली नाही.

मग तिनेच विचारलं, मिथेनॉलमध्ये काय? तिथे प्रकाशाने कार्बीन तयार केलं तर ते आधी मिथेनॉलचा प्रोटॉन उचलतं, धन प्रभाराचं कॅटायन होतं, आणि त्यालाही सिलिकॉनचा तोच मागून टेकू. हे तिने पेन्सिलने लिहिलं. परवाचं पेनाने लिहिलं होतं, ते खोडताना पान फाटलं.

द्राक्ष तिनेच खाल्लं. चारही वाटाणे भोकं पडलेले, तरी उसळीत टाकले.