पॅच वेगळा का ठेवायचा

डेबियन या लिनक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज (स्थापनेसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर) सांभाळताना गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या एकाच रिपॉझिटरीत (साठ्यात) दोन इतिहास नांदवावे लागतात: एक मूळ लेखकांच्या कोडचा, दुसरा आपण त्यावर केलेल्या कामाचा. गिट-बिल्डपॅकेज (जीबीपी) या साधनाच्या पद्धतीत मूळ कोड ‘अपस्ट्रीम’ शाखेत येतो, पॅकेजिंगच्या फाइली दुसऱ्या शाखेतील ‘डेबियन’ डिरेक्टरीत राहतात, आणि मूळ कोडला हात लावणे भागच पडले तर तो बदल त्या डिरेक्टरीतच पॅच म्हणून, म्हणजे फक्त बदललेल्या ओळी सांगणारी वेगळी फाइल म्हणून, ठेवला जातो.

सुरुवातीला मला हा द्राविडी प्राणायाम वाटे. एकदा सी भाषेतील एका फाइलीतील एकच ओळ मी थेट दुरुस्त करून कमिट केली (गिटच्या इतिहासात नोंदवली) आणि बिल्ड, म्हणजे पॅकेजची बांधणी, सुरू केला. मूळ कोडमध्ये अनपेक्षित बदल आढळल्याचे सांगून सोर्स पॅकेज बांधणारे डीपीकेजी-सोर्स हे साधन जागीच थांबले. तेव्हा मी निमूटपणे ‘जीबीपी पीक्यू’ या पॅच सांभाळणाऱ्या आदेशाकडे वळलो. त्याचा ‘इम्पोर्ट’ प्रत्येक पॅचचा एक कमिट करून वेगळी शाखा उभी करतो, ‘एक्स्पोर्ट’ त्या कमिटांच्या पुन्हा पॅच फाइली करतो. नवी आवृत्ती आयात केल्यावर ‘रिबेस’ चालवला, म्हणजे पॅच नव्या कोडवर पुन्हा चढवले, की कोणता पॅच कुठे अडतो ते लगेच कळते, आणि मूळ लेखकांनी जसाच्या तसा स्वीकारलेला पॅच आपोआप गळून पडतो. मागच्या खेपेला माझ्या सहापैकी दोन पॅच असे गळाले, याचा आनंद काही औरच होता.

ही शिस्त नसण्याची किंमत ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या (एन्क्रिप्शनच्या) सॉफ्टवेअरच्या प्रकरणात दिसते. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये, व्हॅलग्राइंड या मेमरीतील चुका शोधणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यांमुळे, यादृच्छिक (अंदाज न बांधता येणाऱ्या) संख्या तयार करणाऱ्या कोडमधील दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. २००८ च्या मे महिन्यात उघड झाले की त्या संख्या ज्यापासून बनतात त्या बीजामध्ये प्रोसेस आयडीखेरीज (चालू प्रोग्रामच्या छोट्या क्रमांकाखेरीज) फारसे काही उरलेच नव्हते, त्यामुळे सांकेतिकीकरणाच्या गुप्त किल्ल्यांचा अंदाज बांधणे सोपे झाले होते. त्या काळच्या सोर्स पॅकेजमध्ये डेबियनचे सगळे बदल एकाच डिफ (फरक दाखवणाऱ्या) फाइलीत जात. इतक्या गर्दीत दोन ओळींकडे कोणाचे लक्ष जाणार?

आज पॅचच्या माथ्यावर त्याचे कारण, त्याचा उगम आणि तो मूळ लेखकांना कळवला की नाही, हे लिहिण्याचा संकेत आहे. माझ्या उरलेल्या चारपैकी एकावर ‘फॉरवर्डेड: नो’ (मूळ लेखकांना कळवलेला नाही) असे लिहिलेले आहे, आणि प्रत्येक रिबेसच्या वेळी ती ओळ मला वाचावी लागते.