सांधे

आमच्या बाथरूमचं माप ४ बाय ६. फूट, अर्थात. १९९२ सालची इमारत. भिंतीवर फिकट गुलाबी टाइल्स आणि मधोमध, बिल्डरची हौस म्हणून, एकाच टाइलवर कमळ. तीस वर्षं त्या कमळाकडे बघत दात घासले. मग एके दिवशी खालच्या काकूंनी वर बोलावून नव्हे, खाली बोलावून त्यांचं छत दाखवलं. कमळ आहे म्हटल्यावर कुठेतरी चिखल असणारच होता.

फोडायचं ठरलं. आईचं म्हणणं, मोरी साधी असावी. ती अजून मोरीच म्हणते, आणि दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं होतं मोरबी, त्यामुळे तिला हे सगळं आपल्यासाठीच बनवलंय असं वाटलं. गुजरातेतलं हे गाव आधी कौलं करायचं, मग भिंतीवरची घड्याळं, आता अख्ख्या देशाच्या न्हाणीघरांच्या भिंती.

सेल्समन आम्हाला चकचकीत टाइल्सच्या रांगेतून फिरवत होता. वर पंधरा दिवे. आमच्या बाथरूममध्ये एक आहे, तोही गिझरच्या आड. आई म्हणाली, "तांब्याभर पाणी मिळेल का रे?" त्याने लगबगीने ग्लास आणून दिला. तिने तो जमिनीवर मांडलेल्या नमुन्यावर सरळ ओतला, चप्पल काढली, माझा दंड धरला आणि अनवाणी उभी राहिली. पहिल्या टाइलवर टाच सर्रकन सरकली. "ही नको." दुसरीवरही तेच. तिसरी मॅट, हाताला खरखरीत, रंगाने ओल्या मातीसारखी. तिच्यावर आईच्या पायाची बोटं आखडली आणि तिथेच रुतली. "ही."

"आजी, हिच्यावरचा साबण निघायला जरा घासावं लागतं."

"घासू की. माझ्या गुडघ्याचे सांधे आधीच धरलेत, कमरेचं हाड कशाला मोडून घेऊ?"

सेल्समनने आपल्या रुमालाने पाणी पुसलं. जमिनीचा निकाल लागला.

भिंतीचा मात्र लागेना. तो म्हणत होता, लहान बाथरूमला मोठी टाइल लावा, जागा मोठी दिसते. बायकोने बिलाच्या पाठीवर वेगळंच गणित मांडलं. दार वगळून, सात फुटांपर्यंत भिंत साधारण १२० चौरस फूट. १२ बाय १८ इंची टाइल घेतली तर ८० नग आणि त्यांच्यामधले सांधे सगळे मिळून २०० फूट. २ बाय ४ फुटी घेतली तर १५ नग, ९० फूट. "म्हणजे ११० फूट कमी घासायचं," ती म्हणाली. टाइल निवडणाऱ्याने आधी ब्रश हातात घेतलेला असावा, हे मला तेव्हा पटलं. (माझ्या हातात तो फारसा आलेला नाही.)

पण मिस्त्रींनी भिंतीला ओळंबा लावला आणि मान हलवली. "साहेब, भिंत पोटात आलीय. मोठी टाइल चुगली करणार. सरळ करायची तर इंचभर गिलावा चढवावा लागेल." ४ फुटांतला इंच म्हणजे काय, हे आमच्या दारालाच विचारा. १२ बाय १८ आली. दोनशे फूट आले.

मग प्रश्न त्या रेघांचा. टाइल बघण्यात तीन तास घालवले होते, सांध्यांत भरायच्या ग्राउटचं शेडकार्ड मात्र आम्ही उभ्या उभ्या बघत होतो. मला पांढरा हवा होता. मिस्त्री म्हणाले, "पांढरा भरला तर सहा महिन्यांत चहाचा होतो. मग आधीच चहाचा भरा ना." सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र, साबण नि तेल पिऊन घेतं. इपॉक्सी, म्हणजे राळेचं ग्राउट, पीत नाही, पण कितीतरी महाग. एवढंसं बाथरूम, घेऊन टाकलं. रंग राखाडी.

इपॉक्सी भरताना एरवी बडबडे मिस्त्री एकदम गप्प झाले. दोन डब्यांतला माल एकत्र कालवला की तो घट्ट व्हायला लागतो, थांबत नाही. रबरी पट्टीने तिरकं दाबत भरायचं आणि वाळायच्या आत ओल्या स्पंजने पुसायचं, नाहीतर टाइलवर धुरकट पापुद्रा कायमचा बसतो. फोन वाजला तर त्यांनी नजरेनेच मला सांगितलं, तुम्ही घ्या. घेतला. त्यांच्या मुलीला वही हवी होती.

जमिनीला १ बाय १ फूटच घेतली. उतार फुटाला पाव इंच, चारही बाजूंनी जाळीकडे; एवढे वळसे मोठी टाइल घेत नाही, कापावी लागते. जाळीखालच्या त्या भांड्याला मिस्त्री 'नाणी ट्रॅप' म्हणत होते. मला वाटलं आत सुटे पैसे अडकत असतील. ते न्हाणीच आहे, हे दोन दिवसांनी लक्षात आलं. घरात आई सोडून कोणी मोरी म्हणत नाही, न्हाणी तर कोणीच नाही, आणि तो शब्द सगळ्यांच्या पायाखाली गाडलेला.

आता दात घासताना कमळ सापडत नाही. नजर राखाडी रेघ धरून जाते, गिझरखालून नळापर्यंत, आणि दाराजवळ, जिथे भिंत पोटात आहे, तिथे ती रेघ जराशी जाड झाली आहे. मिस्त्रींना मी ती दाखवली नाही. त्यांनीही मला दाखवली नव्हती.